रात्री नऊ वाजता दिव्यासमोर

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या वाचक पस्तिशीच्या आहेत आणि घरून काम करतात. चार-पाच महिन्यांपासून मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही. कामं मात्र कशीबशी होतात. डॉक्टरांनी प्रश्नावली भरून घेतली, ‘सौम्य नैराश्य’ असं निदान केलं, गोळ्यांची एवढ्यात गरज नाही असं सांगून समुपदेशन सुचवलं. त्या समुपदेशकाकडे गेल्या नाहीत. त्याऐवजी त्यांनी दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) लाइट बॉक्स, म्हणजे प्रखर प्रकाशाचा दिवा, आणला आणि दिवसा वेळ मिळत नाही म्हणून रोज रात्री नऊला, काम आवरल्यावर, त्यासमोर तासभर बसू लागल्या. दोन आठवडे झाले. उदासी तशीच आहे, वर बाराला येणारी झोप आता दोनच्या पुढे गेली आहे. त्या लिहितात: “मेंदूतलं रसायन कमी पडलेलं असतं आणि प्रकाशाने ते भरून निघतं, असं वाचलं होतं. माझ्यावर तेही चालत नाही. भाऊ म्हणतो हे सगळं फॅड आहे, उन्हात जाऊन बस. मला गोळ्या नकोत आणि कुणापुढे बसून रडगाणंही गायचं नाही. दिव्याचं कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून तो आणला. मागच्या वर्षी एक आठवडा असा होता, की तीन-चार तास झोपूनही मी भन्नाट होते. एका रात्रीत सगळं घर आवरलं, पहाटे चारला मैत्रिणींना मेसेज पाठवत होते. तसे दिवस दिव्याने परत येतील का?”

उत्तर:

तुमच्यावर प्रकाश चालत नाही, हा निष्कर्ष आधी मागे घ्या. तो चाललाय, आणि चांगलाच चाललाय. दोन आठवड्यांत झोप दोन तासांनी पुढे गेली, याहून मोठा पुरावा काय हवा? फक्त तुम्हाला हवं होतं त्याच्या उलट दिशेने चाललाय.

डोळ्याच्या पडद्यात दंडपेशी आणि शंकुपेशी असतात आणि त्यांच्यामुळे आपल्याला दिसतं, हे आपण शाळेत शिकलो. पण तिथे पेशींचा आणखी एक छोटा गट आहे, आणि तो नीट ओळखला गेला त्याला जेमतेम पाव शतक झालंय. या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. वस्तू दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर उजेड किती आहे आणि किती वेळ टिकून आहे, याचा त्या हिशेब ठेवतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. पूर्ण अंध असलेल्या काही माणसांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला, तर त्यांच्या रक्तातलं मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक, खाली येतं, हे १९९५ मध्येच दिसलं होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण मेंदूला दिवस कळत होता.

या पेशींचे तंतू थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या एका इवल्याशा केंद्रापर्यंत जातात. त्याचं नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. साधारण वीस हजार चेतापेशी, बस्स. पण झोप, शरीराचं तापमान, कॉर्टिसॉल, भूक या सगळ्यांच्या वेळा तिथून ठरतात. माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांना थोडं वर, सरासरी दहा-अकरा मिनिटं जास्त चालतं. म्हणजे त्याला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर ते रोज थोडंथोडं रेंगाळेल. त्याला रोजच्या रोज वेळेवर आणण्याचं काम प्रामुख्याने उजेड करतो.

आता तुमच्या पत्राशी थेट संबंध असलेला भाग. हा उजेड सकाळी डोळ्यांत गेला, तर घड्याळ अलीकडे ओढलं जातं, रात्री झोप लवकर येते. तोच उजेड संध्याकाळनंतर गेला, तर घड्याळ पलीकडे ढकललं जातं. तुम्ही रात्री नऊला तासभर दहा हजार लक्ससमोर बसलात. मेंदूने त्यातून अर्थ काढला, की दिवस मावळायला अजून अवकाश आहे. मेलॅटोनिन अडलं, झोप लांबली, सकाळी जाग उशिरा आली आणि सकाळचा जो थोडाफार उजेड मिळत होता, तोही गेला. नैराश्यात सकाळ आधीच अंगावर येते. तुम्ही नकळत ती आणखी जड केलीत. यात तुमचा दोष फारसा नाही. खोक्यावर ‘दहा हजार लक्स’ ठळक छापलेलं असतं, कधी बसायचं ते मात्र आतल्या कागदावर कुठेतरी बारीक अक्षरात.

दुसरी गोष्ट तुमच्या ‘रसायन कमी पडलं’ या वाक्याची. मेंदू म्हणजे टाकी नव्हे, की पातळी उतरली म्हणून वरून ओतायचं. सेरोटोनिन या, मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनाची कमतरता म्हणजे नैराश्य, हे सूत्र जाहिरातींतून इतकं पसरलं, की ते सिद्ध झालेलं आहे असंच सगळ्यांना वाटतं. २०२२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्या साध्या सूत्राला सातत्याने आधार देणारं काही मिळालं नाही. याचा अर्थ सेरोटोनिनचा आणि उजेडाचा संबंधच नाही, असा नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १०१ निरोगी पुरुषांच्या मेंदूतून परतणारं रक्त मानेच्या शिरेतून घेऊन तपासलं होतं. मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी होती, आणि त्या-त्या दिवशी किती तास लख्ख ऊन पडलं होतं, त्यानुसार ती वरखाली होत होती. त्यात मला लक्षवेधी वाटतं ते ‘त्या दिवशी’ हे. साठा भरत गेला असं काही नव्हतं. रोजच्या उजेडाला रोजचा प्रतिसाद होता.

आणि उजेडाची वाट फक्त घड्याळापाशी संपत नाही. उंदरांवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की मेलॅनॉप्सिनवाल्या काही पेशींचे तंतू घड्याळाला वळसा घालून मनःस्थितीशी निगडित असलेल्या दुसऱ्याच एका भागात जातात. माणसांत डेन्मार्कच्या संशोधकांनी ३० निरोगी पुरुषांना तीन आठवडे रोज वेगवेगळ्या तीव्रतेच्या प्रकाशासमोर बसवलं. आधी आणि नंतर, रागावलेले-घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. ज्यांना जास्त प्रकाश मिळाला, त्यांचा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, त्या चेहऱ्यांना तितका उसळून प्रतिसाद देत नव्हता, आणि विचार करणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचं जुळणंही बदललं होतं. चीनमध्येही निदानाच्या उंबरठ्याखालचं, हलकं नैराश्य असलेल्या तरुणांवर गेल्या काही वर्षांत असे अभ्यास झाले आहेत. प्रकाशाच्या उपचारानंतर मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधला संवाद बदललेला त्यांत दिसतो. हे अभ्यास लहान आहेत, आणि मेंदूच्या रंगीत चित्रांना मी गरजेपेक्षा जास्त भाव देत नाही. पण एवढं त्यातून धरता येतं, की प्रकाश कुठलीतरी एक कमी भरून काढत नाही. तो मेंदूच्या वेळा बदलतो आणि वाईट गोष्टींकडे बघण्याची त्याची तिखट सवय थोडी मवाळ करतो.

मग हे फॅड आहे का? भावाचा संशय रास्त आहे, कारण या विषयात भोंदूगिरीही पुष्कळ झाली. १९९८ मध्ये गुडघ्यामागच्या कातडीवर प्रकाश टाकून शरीराचं घड्याळ हलतं, असा दावा एका नामांकित विज्ञानपत्रिकेत आला होता. २००२ मध्ये काटेकोरपणे पुन्हा तपासल्यावर तो टिकला नाही. प्रकाश डोळ्यांवाटेच जावा लागतो. (म्हणूनच ड जीवनसत्त्वाचाही इथे संबंध नाही, ते कातडीचं आणि अतिनील किरणांचं काम, आणि चांगल्या लाइट बॉक्समधून ते किरण गाळलेलेच असतात.)

मूळ कल्पना मात्र पक्क्या पायावर उभी आहे. साध्या खोलीतल्या उजेडाने न हलणारं माणसाचं मेलॅटोनिन २५०० लक्सच्या प्रकाशाने दाबलं जातं, हे १९८० मध्ये आल्फ्रेड लुई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले आणि तिथल्या हिवाळ्यात स्वतःच मरगळणारे मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल यांनी १९८४ मध्ये ऋतुनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन आणि त्यावरचा प्रकाशाचा उपचार प्रसिद्ध केला. बरीच वर्षं हा उपचार हिवाळी नैराश्यापुरताच समजला जायचा. आता तसं राहिलेलं नाही. ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यावरच्या ११ चाचण्या, एकूण ८५८ रुग्ण, यांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये आला. प्रखर प्रकाश घेणाऱ्यांपैकी ४०.७ टक्के लक्षणमुक्त झाले, तुलनेच्या गटात २३.५ टक्के.

या दुसऱ्या आकड्याकडेही बघा. खोटा दिवा किंवा मंद प्रकाश मिळूनही जवळपास चौघांतला एक जण बरा झाला. प्रकाशाच्या उपचारात खोटं औषध बनवणं अवघड असतं. गोळी पांढऱ्या पुडीत लपवता येते, समोरचा झगझगीत दिवा लपवता येत नाही. त्यामुळे आशेचा वाटा किती आणि प्रकाशाचा किती, हे वेगळं काढायला संशोधकांना घाम फुटतो. शिवाय यातल्या पुष्कळ चाचण्यांतलं नैराश्य तुमच्यापेक्षा जड होतं. तरी उपचार कमी त्रासाचा आहे, आणि सौम्य नैराश्यात करून बघावा असा नक्कीच आहे. कुणासाठी नाही, ते आता सांगते.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही शेवटी, जाताजाता लिहिलंय. मागच्या वर्षीचा तो आठवडा. तीन-चार तास झोप, तरी थकवा नाही, एका रात्रीत घर आवरणं, पहाटे चारला मेसेज. तुम्ही त्याकडे ‘चांगले दिवस’ म्हणून बघताय आणि ते परत मागताय. मी निदान करत नाहीये, पत्रावरून कुणी करूही नये. कधी कधी एखाद्या कामाच्या उत्साहात माणूस असा वागतोही. पण झोपेची गरजच कमी होणं आणि उत्साह उतू जाणं, हे चार दिवस किंवा त्याहून जास्त टिकलं, तर त्याला हायपोमेनिया म्हणायचं का, याचा विचार मानसोपचारतज्ज्ञ करतात. तसं असेल, तर आत्ताची उदासी साधं नैराश्य नसून बायपोलर आजाराची, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाणाऱ्या आजाराची, खालची बाजू असू शकते. तिथे उपचार बदलतात. सकाळचा प्रखर प्रकाश अशा व्यक्तीला कधी कधी वर, फारच वर नेऊ शकतो. नैराश्याच्या नुसत्या गोळ्याही नेऊ शकतात. बायपोलरमध्ये प्रकाश वापरताच येत नाही, असंही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे रुग्ण मूड स्थिर ठेवणारी औषधं चालू ठेवून दुपारी प्रकाशासमोर बसले आणि त्यांच्यात लक्षणमुक्तीचं प्रमाण ६८ टक्के निघालं, मंद दिव्याच्या गटात २२. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं, वेळ दुपारची होती, आणि औषधं चालू होती.

त्या आठवड्याबद्दल डॉक्टरांना सांगितलं होतंत का? बहुतेक नाही. माणसं डॉक्टरकडे दुःख घेऊन जातात, उत्साह कुणी सांगत नाही, आणि डॉक्टरही घाईत असले की विचारत नाहीत. तेव्हा पहिलं काम हे. मैत्रिणींच्या फोनमध्ये ते मेसेज असतील, त्यावरून तारखा काढा. नेमके किती दिवस चाललं, खर्च किंवा बोलणं हाताबाहेर गेलं होतं का, घरच्यांना काही वेगळं जाणवलं होतं का, नंतर एकदम कोसळल्यासारखं झालं का, घरात कुणाला असा आजार आहे का, एवढं लिहून न्या. तोवर दिवा बंद ठेवा. रात्रीचा तर आजपासूनच.

डोळ्यांचंही विचारून घ्या. दृष्टिपटलाचा आजार, मधुमेहामुळे पडद्यावर झालेला परिणाम, अशा काही तक्रारी असतील, तर आधी नेत्रतज्ज्ञ, मग दिवा. काही औषधांनी शरीर प्रकाशाला जास्त संवेदनशील होतं: डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं, हृदयाचे ठोके नियमित करणारं अमिओडॅरोन, मुरुमांवरच्या काही गोळ्या, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं औषधसुद्धा. यातलं काही चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा.

समजा डॉक्टरांनी त्या आठवड्याची नीट चौकशी केली आणि सकाळच्या प्रकाशाला हरकत नाही म्हणाले. मग कसं बसायचं?

अभ्यासांत सगळ्यात जास्त वापरलेला बेत म्हणजे दहा हजार लक्स, सकाळी उठल्या उठल्या, रोज अर्धा तास. दिवा कमी ताकदीचा असेल, तर वेळ वाढते. २५०० लक्सला साधारण दोन तास लागतात. दहा हजार हा आकडा दिव्याचा नसतो, तुमच्या डोळ्यांपाशी पोचणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि तो ठरावीक अंतरावरच खरा असतो. बहुतेक दिव्यांना ते तीस ते साठ सेंटिमीटर असतं. हातभर मागे सरकलात, की प्रकाश झपाट्याने उतरतो. टेबलाच्या पलीकडे, भिंतीला टेकवून ठेवलेला दिवा शोभेचा. तो डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा वर, थोडा बाजूला ठेवा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे ठेवून वाचा, नाश्ता करा, मेल बघा. नेहमीचा चष्मा चालतो, रंगीत काचेचा नाही. निळा दिवा मुद्दाम घेण्याची गरज नाही. पांढऱ्यात हवी ती निळाई पुरेशी असते.

वेळेबद्दल एक बारकावा, जो फार लोक चुकवतात. उत्साहाच्या भरात उद्यापासून पहाटे पाचला बसू नका. तुमचं शरीर सध्या दोननंतर झोपतंय, म्हणजे त्याच्या हिशेबाने पाच वाजता अजून मध्यरात्र आहे, आणि शरीराच्या मध्यरात्रीआधी पडलेला उजेड घड्याळ पलीकडेच ढकलतो. तुम्हाला गजराशिवाय जाग येते, त्या वेळेच्या आसपास सुरुवात करा. ती नऊ असेल, तर नऊ. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणत चला. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ ठेवा.

सुरुवातीला डोकं दुखणं, डोळ्यांवर ताण, थोडी मळमळ, चिडचिड असं होऊ शकतं. सहसा वेळ कमी केली की जातं. फरक पडायचा असेल, तर एक ते दोन आठवड्यांत जाणवू लागतो, आणि बहुधा आधी झोप आणि सकाळचा जडपणा हलतो, मन मागाहून. उलट झोप कमी होऊन अंगात वारं शिरल्यासारखं वाटलं, डोक्यात विचार धावू लागले, तर त्याच दिवशी दिवा बंद आणि डॉक्टरांना फोन.

संध्याकाळची बाजूही तितकीच सांभाळा, नाहीतर सकाळी कमावलेलं रात्री जाईल. झोपण्याआधीच्या तासांत खोलीतला नेहमीचा उजेड, अगदी २०० लक्सच्या आतला, तोसुद्धा मेलॅटोनिन लांबवतो, हे २०११ मध्ये मोजून झालंय. माणसामाणसांत ही संवेदनशीलता कमालीची वेगळी असते. २०१९ च्या एका अभ्यासात पन्नास पटींहून जास्त फरक आढळला. नवरा लख्ख दिव्याखाली घोरतो आणि तुम्ही फोनच्या उजेडाने जाग्या राहता, यात कुणाचंच ढोंग नसतं. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास ८७ हजार लोकांच्या मनगटावरच्या नोंदींवरून दिसलं, की ज्यांना रात्री सर्वांत जास्त उजेड मिळत होता, त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त होतं, आणि दिवसा सर्वांत जास्त उजेड मिळणाऱ्यांत २० टक्क्यांनी कमी. त्यातून कारण सिद्ध होत नाही, कारण उदास माणूसच रात्री जागत बसतो. तरी तुमच्या बाबतीत दोन्ही टोकं एकाच वेळी बिघडलेली आहेत, म्हणून सांगितलं.

आणि हो, भाऊ. त्याचं अर्धं म्हणणं फॅड नाही. घरात, अगदी नीट उजेडाच्या खोलीत, आपण शंभर ते पाचशे लक्समध्ये वावरतो. डोळे रुळतात म्हणून ते पुरेसं वाटतं. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार लक्स असतात, मोकळ्या सावलीत दहा हजारांच्या वर आणि थेट उन्हात एक लाखापर्यंत. म्हणजे सकाळी बाहेर सावलीत अर्धा तास चालणं हाही त्याच मात्रेचा उपचार, शिवाय हालचाल फुकट मिळते. उन्हात तापत बसायची गरज नाही आणि सूर्याकडे बघायचं तर मुळीच नाही. घरातून काम करताना टेबल खिडकीला लावून घ्या. खिडकीपासून दोन-तीन पावलं आत आलात, की उजेड शेकड्यांवर येतो. मग दिवा कशासाठी? ज्या ठिकाणी किंवा ज्या ऋतूत सकाळी उजाडतच नाही, किंवा बाहेर पडणंच होत नाही, तिथे तो उपयोगी. नैराश्यात ‘बाहेर जा’ हे सांगणं सोपं आणि करणं डोंगराएवढं असतं, हे भावाला कळत नसेल. दिवा निदान खुर्चीत बसल्या जागी मिळतो.

राहिलं ते ‘कुणाला सांगावं लागत नाही’. पत्रात तुम्ही हे दिव्याचा गुण म्हणून लिहिलंय. मला ते वाचताना वेगळं वाटलं. चार-पाच महिने तुम्ही हे एकटीने रेटताय, आणि उपचारही असा निवडलात, की त्यात कुणी दुसरं माणूस नसेल. समुपदेशन म्हणजे रडगाणं, ही समजूत बऱ्याच जणांची असते. प्रत्यक्षात सीबीटीसारख्या, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीत रडायला फारसा वेळच मिळत नाही. आठवड्यात काय केलं, काय टाळलं, टाळताना मनात नेमकं काय आलं, पुढच्या आठवड्यात काय करून बघायचं, असा गृहपाठ चालतो. हिवाळी नैराश्याच्या १७७ रुग्णांवरच्या एका अमेरिकी चाचणीत सहा आठवड्यांनंतर प्रकाश आणि सीबीटी दोन्ही सारखेच ठरले. पण दोन हिवाळ्यांनंतर प्रकाशवाल्या गटात ४५.६ टक्के लोकांना नैराश्य परत आलं होतं, सीबीटीवाल्यांत २७.३ टक्के. लेखक मंडळींनी एक कारण सुचवलंय ते पटण्यासारखं आहे: दिवा दरवर्षी काढून रोज लावावा लागतो आणि माणसं कंटाळतात, शिकलेली सवय मात्र बरोबर राहते.

‘सौम्य’ या शब्दाने तुमची थोडी फसगत झालीय, असंही वाटतं. सौम्य म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नव्हे. प्रश्नावलीवरचा तो एक पट्टा आहे. पीएचक्यू-९ नावाच्या नेहमीच्या प्रश्नावलीत २७ पैकी ५ ते ९. आणि गोळ्या आत्ता नकोत, हे डॉक्टरांचं म्हणणं तुमच्या बाजूचंच आहे. उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही कमी तीव्रतेच्या नैराश्यात गोळ्या सरसकट पहिल्यांदा देऊ नका, असंच सांगतात. बोलण्याचे उपचार आधी. म्हणजे ज्याला तुम्ही टाळताय, तोच इथला मुख्य उपचार आहे आणि दिवा त्याच्या जोडीचा. समुपदेशकाची एक भेट ठरवा. एकाच भेटीची बोली करा हवं तर. पटलं नाही तर दुसरा शोधता येतो.

प्रश्नावली डॉक्टरांकडून मागून घ्या आणि दर दोन आठवड्यांनी त्याच वारी भरा, शेजारी झोपेची आणि उठण्याची वेळ लिहा. मनाला विचारलं, तर ते ‘काहीच फरक नाही’ म्हणणार, उदास मनाची ती सवयच असते; कागदावरचा आकडा जरा तटस्थ असतो. पाच गुणांनी खाली आला, तर तो खरा फरक समजतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं, तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, दिव्याचा प्रयोग पूर्ण होण्याचीही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, जवळच्या कुणाला तरी घरी बोलवा.

चार आठवडे सकाळची वेळ पाळून, समुपदेशन सुरू करूनही आकडा जागचा हलला नाही किंवा वर गेला, तर गोळ्यांचा विषय पुन्हा काढायचा. त्या वेळी डॉक्टरांनी गोळी सुचवली, तर ‘दिवा की गोळी’ असा प्रश्न तुमच्यापुढे नसेल. ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२२ रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांनी नुसत्या फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीवर १९.४ टक्के लक्षणमुक्त झाले होते, नुसत्या सकाळच्या दिव्यावर ४३.८, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ५८.६.